कंपायलर काय म्हणाले?

कंपायलरला आदराने 'ते' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या टेबलापासून सहा फुटांवर बसायचा.

"छा थियो?" बिल्ड फेल झाला की ते विचारायचे. सगळं आयुष्य उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये गेलेलं, चारी बाजूंना सिंधी शेजार, त्यामुळे 'काय झालं?' हे त्यांच्या तोंडी सिंधीतच बसलेलं. मी काही सांगायच्या आत पुढचा प्रश्न मराठीत यायचा, "कंपायलर काय म्हणाले?"

हेच गृहस्थ आमच्या शेठना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, सगळ्यांदेखत "तू गप रे" म्हणायचे. दोघे एका शाळेत एका बाकावर होते म्हणे. मला ते 'मॅडम' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत. पण त्या 'तुम्ही'त कंपायलरच्या 'ते'मधला आदर नव्हता, एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत होती. गावोगावच्या डेअऱ्यांत दूध थंड ठेवायच्या मोठ्या स्टीलच्या टाक्या असतात, त्यांचे कंट्रोलर आम्ही बनवायचो. दूध कोमट झालं की कॉम्प्रेसर चालू, थंड झालं की बंद, काम एवढंच. पण त्या डब्यात एक अख्खा छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या तळाशी कर्नल, म्हणजे सगळ्या हार्डवेअरचा कारभार बघणारा प्रोग्रॅम. घोळ असा, की इतक्या वर्षांत कंपनीने बाजारात मिळेल तो प्रोसेसर वापरला होता. जुन्या टाक्यांवर एक, मधल्यांवर दुसरा, नव्यांवर तिसरा. कोड मात्र एकच. तो प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळा बिल्ड करायचा, म्हणजे कंपायलरकडून त्या त्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवून घ्यायचा. एकीकडे तो मुकाट उतरतो, दुसरीकडे अडतो. जिथे अडेल तिथे निस्तरणं हे त्यांचं काम, आणि मी आल्यावर माझंही.

तीन प्रोसेसर एक वेळ मी समजू शकत होते. यांच्याकडे सहा होते. भिंतीवर प्लायवूडची फळी, तिच्यावर स्क्रूने बसवलेले सहा बोर्ड. त्यातल्या तिघांवर आमची एकही टाकी चालत नव्हती आणि पुढेही चालणार नव्हती. एक बोर्ड तर त्यांनी कॅम्प दोनमधल्या एका भंगारवाल्याकडून उचलून आणला होता. तरी माझा प्रत्येक बदल सहाही ठिकाणी बिल्ड झाल्याशिवाय ते आत घेत नसत.

"सर, पण हा आपण विकतच नाही," मी एकदा म्हटलं.

"तो गिऱ्हाईक नाही, मॅडम. साक्षीदार आहे."

"कसला साक्षीदार?"

"तुम्ही काय लिहिलंत त्याचा."



मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. मुलगी लहान म्हणून पाच वर्षं घरी बसले होते, आणि पाच वर्षांनंतर आमच्या क्षेत्रात परत उभं करून घ्यायला कुणी तयार नव्हतं. ही कंपनी तयार झाली. बदलापूरला खरवईत आमचं घर, तिथून स्कूटरने वीस-पंचवीस मिनिटांत ऑफिस. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं आणि त्यानंतर कायम करायचं की नाही, ते यांच्या शब्दावर ठरणार होतं. म्हणून मी सगळं गिळून बसायची.

गिळायला तर रोज काहीतरी असायचंच. सहा फुटांवरचा माणूस माझ्याशी कामाचं बोलायचा नाही, मेल करायचा. मी खुर्ची वळवली असती तर आमचे गुडघे लागले असते, पण नाही. कीबोर्डचा खडखडाट ऐकू यायचा, मग थांबायचा, आणि माझ्या स्क्रीनवर मेल पडायची. 'ओळ चाळीस. हे का?' मी तोंडाने उत्तर द्यायला वळले की ते हात वर करायचे. "लिहा. आवाजाची नोंद राहत नाही." एकदा मी बदलाच्या नोंदीत 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं. मेल आली, 'किरकोळ कुणासाठी?' संपूर्ण वाक्यं लिहीपर्यंत तो बदल चार वेळा परत आला.

दर सोमवारी ते कॅम्प दोनमधून सगळ्यांसाठी दाल पकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुऱ्या, आणायचे. वासानेच भूक लागायची. पण ज्याचा बिल्ड लाल, म्हणजे फेल, असेल त्याला पकवान नाही, नुसती डाळ. पहिले पाच सोमवार मी वाटीतली डाळ चमच्याने खाल्ली आणि समोर वेल्डिंगची पोरं कुडुमकुडुम पकवान मोडत होती. त्यांना बिल्डच नव्हता ना.

"माझ्याकडे चालतंय, सर," असं मी पहिल्या महिन्यात एकदाच म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, "मग तुमच्याकडेच ठेवा," आणि माझा बदल काढून टाकला.

तो पहिला बदल मला अजून आठवतो. जेमतेम तीस ओळी. माझ्या लॅपटॉपवर एकदाही कुरकुर न करता झाला होता. फळीवरच्या दोन बोर्डांसाठी मात्र एररची भलीमोठी रांग आली. मी खालून वर एकेक एरर मिटवत बसले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ते उठून आले, एररची यादी छापून मी वाचत होते ती पानं माझ्या हातातून घेतली आणि फक्त पहिली ओळ फाडून पुढे ठेवली.

"ही नवरी. बाकी सगळं वऱ्हाड. नवरीचं बघा, वऱ्हाड आपोआप जातं."

पहिल्या ओळीचा अर्थ इतकाच होता, की मी वापरलेलं एक फंक्शन कंपायलरला ओळखू येत नव्हतं. ते ज्या फाइलीत होतं ती फाइल मी मागितलीच नव्हती. माझ्या लॅपटॉपवर ती दुसऱ्याच एका फाइलीच्या मागून आपोआप आत आली होती, या प्रोसेसरांसाठी आली नाही. एक ओळ वाढवली आणि चाळीसच्या चाळीस एरर गायब. मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. हे दोन दिवसांपूर्वी सांगायला यांना काय झालं होतं? बाजूलाच तर बसले होते!

घरी नवऱ्यासमोर मी रोज हेच दळण दळायची. तो म्हणायचा, "शिकवायची पद्धत असेल त्यांची." मी म्हणायची, "पद्धत नाही, खोड आहे."

प्रोबेशन संपायला आठवडा राहिला असताना त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळ्यांत होता, त्यातला एक आधी करायचा होता. जाताना मला मेल केली, 'आठवडाभर नाही. सहाही हिरवे असल्याशिवाय काही पाठवू नये.' बस. बाकी काही नाही.

उन्हाळा तोंडावर होता. काही टाक्यांवर कॉम्प्रेसर बंद होऊन लगेच चालू व्हायचा आणि जळायचा. त्यासाठी मी कर्नलमधल्या आमच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसर हाताळणाऱ्या भागात, बदल केला होता. कॉम्प्रेसर एकदा बंद झाला, की पुढची तीन मिनिटं सुरू करायचा नाही. किती वेळ झाला ते कर्नल नॅनोसेकंदांत मोजतो, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात. त्या प्रचंड आकड्याला भागून मी सेकंद काढत होते. साधा भागाकार. पाच बोर्डांसाठी बिल्ड हिरवा झाला. सहावा लाल. आणि सहावा म्हणजे नेमका आमचा जुना, गावागावांत अजून चालू असलेला. बिल्डच्या अगदी शेवटच्या टप्प्यात तो एका नावापाशी अडत होता. ते नाव मी लिहिलेलंच नव्हतं, अख्ख्या कोडमध्ये कुठेही नव्हतं.

दोन दिवस मी त्या नावाशी झटले. शेठ रोज दारात यायचे. "मॅडम, छह में से पाँच तो हरा है ना? गर्मी आ गई. डेअरीवाले फोन पे फोन करतात. निकाल दो."

शेवटी मी हाताला लागलं ते केलं. त्या मोठ्या आकड्याआधी कंसात दोन-चार अक्षरं टाकली. 'हा आकडा लहानच धरा' असं कंपायलरला सांगायची ती पद्धत असते. बिल्ड झर्रकन हिरवा झाला. का झाला, ते मला कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी कळून घेतलं नाही. सहाही हिरवे होते. त्यांनी सांगितलं होतं तसे. अपडेट गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी बदलापूरच्या पुढच्या एका गावातून डेअरीच्या सेक्रेटरींचा फोन आला. टाकी अपडेट झाल्यावर एकदा थंड झाली, कॉम्प्रेसर बंद झाला, तो पुन्हा सुरूच झाला नाही. संध्याकाळचं दूध सकाळच्या दुधावरच ओतलं गेलं. सकाळी टँकरवाल्याने झाकण उघडून वास घेतला आणि दूध न घेताच निघून गेला. अख्ख्या गावाचं दोन वेळचं दूध ओढ्यात सोडावं लागलं.

 आम्ही सगळ्या डेअऱ्यांना फोन करून अपडेट थांबवलं; नशिबाने बाकी ठिकाणी ते अजून चढलं नव्हतं. आणि अकराच्या सुमारास ते दारात उभे राहिले. डोळ्यांवर काळा गॉगल, हातात औषधाच्या थेंबांची बाटली. शेठनी फोन केला असणार. स्क्रीनकडे बघायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती, आणि बघितलं असतं तरी दुसऱ्या डोळ्याने धुरकटच दिसलं असतं.

खुर्ची चाचपून बसले. "छा थियो?"

मी सांगितलं.

"बदल वाचा. मोठ्याने. एकेक ओळ."

मी वाचायला लागले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना माझ्या आवाजाची गरज पडली होती. ते मान खाली घालून ऐकत होते. भागाकाराची ओळ आली आणि माझी जीभ अडखळली. त्यांना दिसत नव्हतं. कंसातली ती अक्षरं मी गाळली. साधा भागाकार वाचला आणि पुढे गेले.

"थांबा." त्यांनी हात वर केला. "मागची ओळ."

मी पुन्हा तशीच वाचली. पुन्हा अक्षरं गाळून.

"असं असतं तर जुन्या बोर्डाचा बिल्ड झालाच नसता," ते म्हणाले. "एवढा मोठा भागाकार त्याला थेट येत नाही. त्यासाठी कर्नलमध्ये वेगळं फंक्शन आहे, ते वापरावं लागतं. तुमचा बिल्ड तर झाला. तेव्हा तिथे आणखी काहीतरी लिहिलंय. परत वाचा, मॅडम."

ऑफिसात सगळे होते. शेठ दारात होते.  मी कंसासकट वाचलं.

त्यांनी औषधाची बाटली टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "लहान धरलेल्या आकड्यात किती नॅनोसेकंद मावतात?"

मी मनात हिशोब केला आणि माझी मलाच शिसारी आली. चार सेकंद आणि थोडे. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यापासून. कॉम्प्रेसर तीन मिनिटं व्हायची वाट बघत होता, आणि माझ्या कोडमध्ये चार सेकंदांच्या वर वेळ कधी जाणारच नव्हता.

"कंपायलर ओरडून सांगत होते," त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही त्यांच्या तोंडावर हात ठेवलात."

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. नंतर तासभर जुन्या बोर्डावर रिले, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच, लावून, घड्याळ घेऊन, तीन मिनिटांनी तो चालू होतो का ते मी दहा वेळा पाहिलं. मग कंपनीची जुनी व्हॅन घेऊन आम्ही दोघं त्या गावाला निघालो. त्यांनी यायची काही गरज नव्हती. त्यांना दिसत नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती, रस्त्यावर धूळ होती. "मी येतो," म्हणाले आणि बाजूला बसले. 

डेअरीत सेक्रेटरी होते आणि चार-पाच बायका किटल्या घेऊन उभ्या होत्या. टाकी धुतली होती, तरी आंबूस वास येत होता. मी अपडेट टाकायला बसले. एक वयस्क बाई जवळ येऊन उभी राहिली. "कशानं झालं ओ हे? सकालचं दूध वतलं, संध्याकालचं वतलं. दोन म्हशी हायेत माज्या. कोनाची चुकी?"

मी यांच्याकडे पाहिलं. 'मशीनमध्ये बिघाड होता' एवढं जरी ते म्हणाले असते, तरी निभावलं असतं. ते काळा गॉगल लावून भिंतीकडे तोंड करून उभे होते, जणू तिथे कुणी काही विचारलंच नाही.

"माझी," मी म्हणाले. "मी चुकीचं लिहिलं होतं."

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग आता नीट लिवलाव का?"

"हो."

"मंग थांब हितंच. चालू झाल्याबिगर जाव नको."

मी थांबले. आम्ही दोघं चार तास त्या डेअरीत बाकड्यावर बसलो. बायकांनी आणलेलं दूध ओतलं, टाकी थंड झाली, कॉम्प्रेसर बंद झाला, दूध हळूहळू कोमट झालं आणि कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. तेव्हा ती बाई किटली उचलून गेली. दुधाचं काय ते शेठनी पुढे गावाशी बोलून मिटवलं.

परत येताना खरवईच्या नाक्यावर चहासाठी व्हॅन थांबवली, आणि सहा महिन्यांचं सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"तुम्हाला माहीत होतं! जुन्या बोर्डावर भागाकार अडतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी भागाकार लिहिणार आहे, हेही ठाऊक होतं. एक वाक्य सांगितलं असतं तर? सहाही हिरवे पाहिजेत म्हणे! हिरवे केले मी. तुम्ही कधी काही शिकवत नाही, नुसतं परत पाठवता. सहा फुटांवर बसून मेल! मी खोटं वाचलं, ती माझी चूक. पण तुमचं काय?"

चहावाला बघत होता. त्यांनी कप खाली ठेवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मला भांडण हवं होतं. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठना मेल केली. स्वतःला दिसत नव्हतं म्हणून अकाउंट्समधल्या मुलीकडून टाइप करून घेतली होती, आणि प्रत मला होती. 'मॅडमचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवावं. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. सहा महिन्यांत ते माझ्याकडून झालं नाही. ही मुदत मी माझ्यासाठी मागतो आहे.'

मी ती मेल चार वेळा वाचली. चिडायचं की काय, तेच कळेना, म्हणून मी चिडले. यांना पश्चात्ताप झाला आणि टांगणीवर कोण, तर मी! नवरा मेल वाचून हसत सुटला, तेव्हा त्याच्याशीही भांडले.

पण सोमवारपासून ते खुर्ची घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागले. डोळ्यांमुळे स्क्रीनकडे बघता येत नव्हतं, म्हणून मी वाचायची आणि ते बोलायचे. कुठला प्रोसेसर आकड्यातले बाइट उलटे लावतो, कुठला वाकड्या पत्त्यावरची मेमरी वाचताना कोसळतो, कुठे एखादी सूचना एररइतकीच गंभीर घ्यायची. अशा तीस वर्षांच्या गोष्टी होत्या. ते बोलायला लागले की थांबायचे नाहीत. जेवणाची वेळ टळायची. माझा डबा गार व्हायचा. प्रोबेशनवर असल्यामुळे मी काही म्हणू शकत नव्हते. एकही रजा मागितली नाही. मुलीचं गॅदरिंग हुकलं. दर आठवड्याला वाटायचं, आता हे 'नाही' म्हणणार आणि मी परत घरी बसणार.

तीन महिने संपले त्या दिवशी सकाळी त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. कायम केल्याचं पत्र होतं, खाली शेठची सही. मला भरून आलं. मग तारीख दिसली. तीन महिन्यांपूर्वीची. त्यांनी मुदत मागायची मेल केली, त्याच दिवसाची.

मी शेठच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "मैंने तो उसी दिन मना किया. ज्या बाईने गावात जाऊन आपली चुकी बोलली, तिला मी अजून काय तपासू? त्याला लेटर दिलं, बोललो तिला देऊन टाक. दिया नहीं क्या?"

कायम झाल्यावर आमच्याकडे पगार बदलायचा नाही, फक्त रजा वाढायच्या. त्यामुळे मला कळायला काही मार्गच नव्हता. मी तावातावाने परत आले. ते दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद लावत बसले होते.

"सर, हे पत्र तीन महिने तुमच्या ड्रॉवरमध्ये होतं?"

"होतं."

"मी तीन महिने धास्तीत काढले! मुलीच्या गॅदरिंगला गेले नाही मी!"

ते जरा चपापले. गॅदरिंगचं त्यांना माहीत नसावं. मग मान न उचलता म्हणाले, "कायम झालेली माणसं प्रश्न विचारायची थांबतात, मॅडम. मी स्वतः थांबलो होतो."

समोरची जाडजूड फाइल उचलून त्यांच्या डोक्यात घालावी, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी टेबलाशी येऊन बसले. पत्र पर्समध्ये टाकलं.  मग सकाळपासून अडलेली ओळ स्क्रीनवर उघडली, खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि जितक्या रागाने विचारता येईल तितक्या रागाने विचारलं, "हे इथे असं का होतंय?"